माया जास्त ठेवणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतं काकू. सूनबाई वाचून दाखवतीलच.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवते? लेकीचा परकर तुम्ही दोनदा उसवलात. घेर उजवीकडे अर्धा इंच उचललेला दिसत होता आणि तुम्ही आपल्याच कात्रीला दोष देत होतात. मग टाचण्यांची डबी सांडली, पोरगी वेचायला वाकली आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या तुम्ही एकदम गप्प झालात. "इकडे या, हिची पाठ बघा." उजव्या खवाट्यापाशी पाठ वर आलेली, डावीकडे सपाट. रोज तिची वेणी घालणाऱ्या मला ते कधी दिसलं नव्हतं.

त्याआधी माप घेताना तुम्ही विचारलं होतंत, "पाळी सुरू झाली का हिची?" खरं सांगते, मला राग आला होता. तुम्ही मात्र सरळ म्हणालात, "नाही ना? मग अजून भराभर वाढेल, शिवणीत माया जास्त ठेवते." दोन दिवसांनी हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. आणि तिला वाकायलाही लावलं, अगदी टाचण्या वेचल्यासारखं.

स्कोलिओसिस निघाला, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला. या वयात तो बहुतेकदा का होतो ते कळत नाही. दप्तराने होत नाही एवढं नक्की. (दप्तरावरून आमच्या घरात झालेलं भांडण फुकट गेलं.) नात्यातल्या एक थोरल्या बाई म्हणाल्या, "शहाणी झाली की होईल सरळ, थांबा." तसं थांबलो असतो तर महागात पडलं असतं. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पहिल्या पाळीच्या आधी, साधारण सहा महिने ते वर्षभर, आणि बाकही त्याच काळात वाढतो. पाळी आल्यावर वेग उतरतो, पण वाढ आणखी दोनेक वर्षं चालू राहते.

एक्सरेत बाक 28 अंश. वाढ संपत येईल तशी कमरेच्या हाडाच्या कडेवर एक खूण उमटत जाते, तिला रिसर म्हणतात, हिची 0, म्हणजे वाढ अजून बरीच बाकी. लॉनस्टाइन आणि कार्लसन यांच्या 1984 च्या अभ्यासात 20 ते 29 अंशांचा बाक आणि रिसर 0 किंवा 1 असलेल्यांपैकी 68 टक्क्यांचा बाक वाढला होता. तेवढाच बाक, पण रिसर 2 ते 4 असेल, तर 23 टक्क्यांचा.

"वर्षभरात किती वाढली?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. शेवटी तुम्हालाच फोन केला. तुमच्या लाल वहीत होतं: गेल्या दिवाळीला परकराची उंची 31, यंदा 33. डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं.

रोज 18 तास ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून अंगाभोवती घालायचा कडक पट्टा. पहिल्या आठवड्यात काखेखाली कातडी सोलवटली, पोरगी रडून रडून झोपायची. तेव्हा तुम्ही मऊ सुती कापडाच्या सहा बनियनी शिवून दिल्यात, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत काही रुतायला नको. युनिफॉर्मही दोन्ही कडांनी सैल केलात. आणि पैसे घेतलेत ते फार बरं केलंत, नाहीतर पुन्हा यायला संकोच वाटला असता.

पुढे सात महिन्यांनी पाळी आली. आजीने शिरा केला; डॉक्टर म्हणाले, ब्रेस काढायचा नाही, अजून वाढ बाकी आहे. गेल्या महिन्यात मात्र सुटला. बाक 31 अंशांवर थांबलाय. गेला नाही, जायचाही नव्हता. शस्त्रक्रियेचं बोलणं साधारण 45-50 च्या पुढे सुरू होतं, तिथवर गेलो नाही एवढं आम्हाला पुष्कळ.

रविवारी तिला घेऊन येते. यंदा माया नेहमीएवढीच ठेवा. घेर मात्र उजवीकडे अर्धा इंच जास्त सोडा.

तुमची,
लाल वहीतली 'परकर 33'ची आई