मैदानाभोवतीची दोरी

जांबोटी, ता. खानापूर
८ जुलै

प्रिय भिंत,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, याबद्दल क्षमा मागत नाही, कारण तूही लिहिली नाहीस. प्रकृती ठीक आहे. गुडघा पावसात कुरकुरतो, एवढेच. आज लिहायला बसलो ते एका दोरीमुळे, आणि ही गोष्ट इथे कोणाला सांगितली तर हसतील.

गोव्याच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाने मोसमापूर्वीचे शिबिर आमच्याकडे घ्यायचे ठरवले आहे. ऑगस्टअखेरीस दहा दिवस, चाळीस माणसे आणि दोन सराव सामने. चोर्ल्याच्या रस्त्यावरच्या आम्ही तिघा होमस्टेवाल्यांनी मिळून हे काम अंगावर घेतले, कारण शनिवार-रविवारी धबधब्यांना येणारी मंडळी सोडली तर पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात आणि गाद्यांना बुरशी चढते. हिशेब सगळीकडे हाच आहे. युरोपातले क्लब हिवाळ्यात तुर्कस्तानातल्या बेलेकला नाहीतर स्पेनमधल्या ला मांगाला जातात, कारण त्या दिवसांत तिथली हवा सौम्य असते आणि हॉटेलेही मोकळी असतात. तुझा बेकहॅमसुद्धा फेब्रुवारी २००८ मध्ये लॉस एंजेलिस गॅलक्सी या त्याच्या क्लबाबरोबर होनोलुलूला एका मोसमपूर्व स्पर्धेसाठी गेला होता. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जपानच्या गांबा ओसाकाने अमेरिकेच्या ह्यूस्टनला ६-१ असे धुतले. (सहा गोल म्हटले की मला गोलखांबांत उभा असलेला तू आठवतोस.) फरक इतकाच, की ते लोक उन्हासाठी जातात आणि आमच्याकडे ऑगस्टात ऊन हा पदार्थच मिळत नाही.

जूनमध्ये क्लबाचा मैदान पाहणारा माणूस आला. रेनकोट घालून त्याने टेपने १०५ बाय ६८ मीटर मोजले, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दर दहा पावलांवर वाकून तो जमिनीत खुपसत गेला. मधल्या भागात तो मुठीपर्यंत आत जाई. गोलखांबांसमोर, जिथे पोरे वर्षभर घसरतात, तिथे टोकही जाईना. जांभ्यामुळे पाणी जिरते, म्हणून मैदान चालेल असे तो म्हणाला. पण ही टकले भरून हरळी लावावी लागेल आणि ती मूळ धरेपर्यंत सहा आठवडे आत कोणी पाय ठेवता कामा नये.

तेव्हा मी पंचायतीची परवानगी काढली, निळी नायलॉनची दोरी बांधली, राखणदार ठेवला आणि ‘प्रवेश बंद’चा फलक लावला. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे फलकावर ६० टक्के कन्नड हवी, म्हणून रंगाऱ्याने मराठी इतकी बारीक काढली की पोरे म्हणतात, आम्हाला वाचताच आली नाही.

आणि गुरुवारी संध्याकाळी नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा काखेत चेंडू धरून दोरीबाहेर उभा होता. त्याने विचारले, “काका, आमी कवा खेळायचं?” मी काय उत्तर दिले असेल? “पाहुणे खेळून गेल्यावर या.” शब्द न् शब्द तोच, लहानपणी आपल्याला मैदानाबाहेर अडवणाऱ्या कॅम्पातल्या त्या चौकीदाराचा. तू तेव्हा दगड मारलास आणि काच फुटल्यावर माझे नाव सांगितलेस, हे मी अजून विसरलेलो नाही. पण त्या चौकीदाराला आपण दोघांनी मिळून जे शिव्याशाप दिले, ते सगळे परवा माझ्याच अंगावर आले.

पोरांना दुसरी जागा द्यावी म्हटले तर रोपलावणी सुरू आहे, एक शेत कोरडे नाही. शाळेच्या आवारात घोट्याएवढा चिखल आहे. आणि ज्यासाठी त्यांचे मैदान बंद केले, त्यातला पहिला सामना क्लबाला बंद दाराआड हवा आहे. मध्यंतराला अकराच्या अकरा गडी बदलायचे, निकालाला किंमत नाही, तिथे प्रेक्षक कशाला, असे त्यांचे म्हणणे. दुसरा सामना गावाला खुला ठेवा आणि एक सकाळ खेळाडूंनी पोरांबरोबर खेळावे, असे मी कळवले. उत्तर आले, “बघू.” मराठीतल्या ‘बघू’चा आणि कन्नडातल्या ‘नोडोण’चा अर्थ एकच असतो, हे तुला सांगायला नको. काम सोडून द्यावे तर इसार घेऊन बसलो आहे आणि तो कौले व गिझर यांत गेला. शिवाय, खोटे कशाला बोलू, खरे फुटबॉलपटू आपल्या गावच्या मैदानावर उतरलेले मलाही पाहायचे आहेत.

तुझी बदली झाली का? काकूंच्या मोतीबिंदूचे काय झाले? चिमीला दहावीबद्दल शाबासकी सांग, बक्षीस येतो तेव्हा देईन. ऑगस्टात ये. फोन करू नकोस, फोनवर तू भांडतोस, लिही.

तुझा,
राइट-आउट

ता. क. पाकीट बंद करण्याआधी मैदानावर जाऊन आलो. शाळेच्या बाजूला दोरी दोन ठिकाणी कापलेली आहे आणि नव्या हरळीत अनवाणी पायांचे ठसे आहेत. राखणदार विचारत होता. मी म्हटले, गुरे आली असतील.