आधी मूळ छापा, मग टीका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या विश्लेषणाविषयी लिहायचे आहे, पण सुरुवात जरा लांबून करतो. क्रिकेटचा सामना लावला की हल्ली मी टीव्हीचा आवाज बंद करतो. फलंदाजाने चेंडू सोडून दिला हे मला दिसलेलेच असते, तेच पुन्हा ओरडून सांगितले जाते. ते झाले की समालोचक मंडळींच्या आपापसातल्या गप्पा सुरू होतात: कोण कोणाबरोबर कुठे जेवला, कोणाला कोणत्या दौऱ्यात काय टोपणनाव पडले. तेवढ्यात कर्णधाराने स्लिपमधला माणूस काढून शॉर्ट लेगला आणलेला असतो. का आणला, हे मला कळत नाही आणि कोणी सांगतही नाही.

रेडिओची गोष्ट निराळी होती. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे धावते समालोचन ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हते. वारा कुठून सुटलाय, क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत, इथपासून सगळे सांगावेच लागे. पडदा आल्यावर ते काम संपले आणि दिसते त्याच्या पाठीमागचे सांगणे हे दुसरे काम आले. ते थोडक्यातच होते. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिची बेनॉ समालोचक म्हणून नावाजले गेले ते त्यांच्या बोलण्याइतकेच न बोलण्यासाठीही.

आमच्या सांगली-कोल्हापूर भागात मात्र ही कला जिवंत आहे. जत्रेतल्या कुस्त्यांना या आणि माईकवरच्या निवेदकाकडे कान द्या. पैलवान कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या खेपेला कोणाशी बरोबरीत सुटला, हे सगळे तो हातसलामी होण्याआधीच सांगून टाकतो. कुस्ती लागली की बोलणे तुटक होते. ‘एकेरी पट काढलाय... कब्जा घेतलाय... आता घिस्सा मारणार, बघा, खालचा माती सोडत नाही.’ (पट म्हणजे पाय धरून पाडणे, घिस्सा हा खाली दाबलेल्याला उलटवून चीत करायचा डाव.) लांब पाठीमागे बसलेल्या माणसाला दोन पाठींखेरीज काही दिसत नसते, आणि नवख्याला घिस्सा कशाशी खातात हे ठाऊक नसते. दोघांनाही एकाच वाक्यात कुस्ती कळते. मध्येच तो देणगीदारांची नावे वाचतो, फेटे बांधून घ्यायला पुढाऱ्यांना बोलावतो, हे खरे. पण पट निघाला की पुढाऱ्याचे नाव अर्ध्यावर सोडण्याइतके त्याला भान असते.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, त्यामुळे ‘भाष्य’ म्हटले की मला आधी मल्लिनाथ आठवतो. आजच्या तेलंगणातल्या कोलाचलचा हा पंडित. कालिदास, भारवी, माघ, श्रीहर्ष या सगळ्या संस्कृत कवींवर त्याच्या टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी भाष्ये, आहेत, आणि आमच्या पिढीपर्यंत कालिदास वाचायचा तो त्याचे बोट धरूनच. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पहिल्याच श्लोकात पार्वती-परमेश्वरांना ‘जगतः पितरौ’ म्हटले आहे. दरवर्षी वर्गात कोणीतरी त्याचा अर्थ ‘जगाचे दोन बाप’ असा करी आणि बाकावर खसखस पिके. मल्लिनाथ तिथे ‘माता च पिता च पितरौ’ (आई आणि बाप मिळून ‘पितरौ’) असा विग्रह देतो, ‘पिता मात्रा’ हे पाणिनीचे व्याकरणसूत्र सांगतो आणि पुढच्या पदाकडे वळतो. आपली विद्वत्ता पाजळायला तिथे चार पाने लिहिता आली असती. त्याने आरंभीच स्वतःला बांधून घेतले होते: ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’. मुळात आधार नाही असे काही लिहिणार नाही आणि गरजेबाहेरचे बोलणार नाही.

याचा अर्थ टीका आखूडच हवी असा नाही. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार. पण एवढा विस्तार करणारा टीकाकारही शेवटी ‘तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु’ म्हणतो, म्हणजे व्यासांच्या मागोमाग, आधीच्या भाष्यकारांना वाट विचारत आलो. (‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’ ही ओळ आजच्या बातमीच्या मथळ्यात टाकली, तर ज्ञानेश्वरांनी नेमके कोणाला झोडपले असे विचारणारे दूरध्वनी आपल्या कचेरीत येतील.)

आता मुद्द्यावर येतो. निकाल, विधेयक, अर्थसंकल्प यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ विश्लेषण छापून येते. मी ते रोज नेमाने वाचतो, पण ज्याचे विश्लेषण चालले आहे ते मूळ वाक्य बहुतेक वेळा कुठेच नसते. न्यायालयाने ‘ताशेरे ओढले’ असे कळते, ते कोणत्या शब्दांत ओढले ते कळत नाही. कायद्यातल्या एका कलमावरून दोन लेखकांची जुंपते, दोघेही भारदस्त लिहितात, आणि त्या कलमात आहे तरी काय हे दोन्ही लेख वाचून हाती लागत नाही. मग खरे कोणाचे हे ठरवायचे कशावर? ज्याचा पक्ष आधीपासून पटलेला असतो त्याच्यावर. वाचकाची यात फार चूक आहे असे मला वाटत नाही, कारण त्याच्यासमोर मूळ ठेवलेलेच नसते.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेली जुनी काव्ये पाहा. वर मोठ्या टायपात श्लोक, खाली बारीक टायपात टीका. मल्लिनाथाचे म्हणणे पटले नाही तर नजर चार ओळी वर न्यायची आणि स्वतः ताडून बघायचे. टीकाकाराला आपण तपासले जाणार हे ठाऊक असे, म्हणून तोही जपून लिही.

माझी विनंती तेवढीच आहे. निकालावर लेख छापाल तेव्हा त्यातली कळीची दोन वाक्ये लेखाच्या डोक्यावर चौकटीत द्या. कलमावर लेख असेल तर ते कलम द्या, मराठीत आणि जसेच्या तसे. अर्थसंकल्पीय भाषणावर लिहायचे असेल तर भाषणातले ते वाक्य द्या. जागेची अडचण मला समजते. लेखकाचे छायाचित्र थोडे लहान केले, तरी चार ओळी सहज मावतील.

आपला,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक, सांगली