काळ्या पिल्लाची जात

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मांजराच्या पिल्लाचे फोटो पोचले. गाडीच्या बॉनेटमधून त्याला बाहेर काढायला तू आणि वॉचमनकाका भर पावसात थांबून राहिलात, हे वाचून ऊर भरून आला. बाबा तर भेटेल त्याला व्हिडिओ दाखवत सुटलेत. तुझी रूममेट म्हणते ‘पर्शियन क्रॉस’, म्हणजे पर्शियनचा संकर, पेट शॉपवाला म्हणतो ‘बॉम्बे कॅट’, आणि तुला खरं काय ते हवंय. म्हणून सविस्तर लिहिते.

मांजराची जात अंगावरून ठरत नाही, वंशावळीच्या कागदावरून ठरते. माणसाच्या घरात मांजर हजारो वर्षं आहे, पण जातींचा खटाटोप कालपरवाचा. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यानंतर नोंदवह्या, नियम, संस्था आल्या. अमेरिकेतली कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन 1906 ची. ज्याच्या आईबापांची नावं अशा वहीत आहेत ते पर्शियन किंवा सयामी. बाकी जगातली बहुतेक मांजरं नुसती मांजरं. त्यात काही कमीपणा आहे असं मनात आणू नकोस. आधी साधी मांजरं होती, त्यांच्यातूनच माणसानं निवडून निवडून जाती काढल्या.

‘बॉम्बे’चं तर मुंबईशी नातं फक्त नावापुरतं. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावच्या निकी हॉर्नर यांनी 1950 च्या दशकात बर्मीज आणि काळी अमेरिकन शॉर्टहेअर या दोन जातींच्या संकरातून ती घडवली. त्यांना आपल्याकडच्या काळ्या बिबट्यासारखं दिसणारं मांजर हवं होतं, म्हणून ते नाव. त्या मांजराचे केस आखूड, अंगाला चिकटलेले, तुकतुकीत. तुझं पिल्लू तर फुलून आलंय.

पर्शियनबद्दल म्हणशील, तर तोंड बघ. पर्शियनचं तोंड रुंद आणि चपटं, नाक बसकं, कान लहान, पाय आखूड. तुझ्या पिल्लाचं नाक सरळ आहे आणि कान डोक्याच्या मानानं चांगले मोठे. राहिले लांब केस. आखूड केसांचा गुण प्रबळ आणि लांब केसांचा अप्रभावी, त्यामुळे आखूड केसांच्या दोन मांजरांपोटी लांब केसांचं पिल्लू सहज जन्मतं. दोघांकडून त्या जनुकाची एकेक प्रत मिळाली की झालं. अशा प्रती आपल्या गल्लीबोळातल्या मांजरांतही फिरत असतात. पुण्यात पाळलेले पर्शियन बोके मोकाट सुटतात हेही खरं, एखादा पणजोबा तसा असेलही. पण नुसत्या केसांवरून तो सिद्ध होत नाही.

मला त्या फोटोंत जातीपेक्षा वेगळंच काही दिसलं. अंग काळं, पण वरून राख उधळल्यासारखी करडी झाक. दिवसाउजेडी खिडकीशी बस, पिल्लाला मांडीवर घे आणि कुशीवरचे केस हळूच फुंकर मारून वेगळे कर. मुळाशी काळा आणि टोकाला करडा असेल, तर तो ‘फीव्हर कोट’. पिल्लं पोटात असताना आईला ताप आला, ती आजारी पडली किंवा फार ताणाखाली राहिली, की केसांत रंग नीट भरत नाही. पुढे येणारा केस आपल्या मूळ रंगाचा येतो, आणि काही महिन्यांत ती करडी झाक निघून जाते. याउलट मुळाशी पांढरा आणि टोकाला काळा असेल तर तो ‘स्मोक’, आणि तो जन्मभर राहतो. मला पहिलंच वाटतंय. तसं असेल तर त्या माउलीनं गाभण असताना काय सोसलं असेल, ते या केसांवर लिहिलंय.

उन्हात धरलंस तर पायांवर आणि शेपटीवर पुसट पट्टेही दिसतील. घाबरू नकोस, प्रत्येक मांजराच्या रक्तात पट्ट्यांचा नमुना असतोच. काळ्या रंगाखाली तो झाकला जातो आणि पिल्लूपणी थोडा डोकावतो. तेव्हाच पोटाखाली आणि बोटांच्या बेचक्यांत नारिंगी केस आहेत का तेही बघ. चार सापडले तरी ती जवळजवळ नक्की मांजरी, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि काळा-नारिंगी एकत्र यायला मांजरीत असतात तसे दोन एक्स लागतात. असा बोका क्वचितच जन्मतो आणि तो बहुधा वांझ असतो. वर्गात हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण ते जनुक नेमकं कोणतं हे जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी आत्ता 2025 मध्ये प्रसिद्ध केलं. केवढा आनंद झाला मला ते वाचून!

केस शेवटी किती लांब होणार हे आज सांगता येणार नाही. आत्ताची लव पिल्लूपणाची आहे. चार-पाच महिन्यांचं झालं की शेपटी, मांड्यांची मागची बाजू, मान आणि पंज्यांच्या तळव्यांमधले झुबके बघ, तिथे उत्तर मिळेल. लांब निघाले तर रोज विंचरावं लागेल, नाहीतर काखेत आणि पोटाखाली गुठळ्या होतात. सवय आत्तापासूनच लाव.

काळ्याचं तांबूस व्हायला लागलं तर खाण्याकडे बघ. काळा रंग टायरोसिन या प्रथिनांतल्या घटकापासून बनतो आणि ते मांस-मासळीतून मिळतं; प्रथिनं कमी पडली की काळं मांजर तांबडट होतं. आजी फोनवर दूधभात सांगेल, तिला मी समजावते. गाईच्या दुधानं पिल्लांना जुलाब होतात. त्याला पिल्लांचंच खाद्य दे.

कानामागे किंवा नाकापाशी गोल टक्कल दिसलं तर तो केसांचा प्रकार नव्हे, गजकर्ण असेल. तो माणसांनाही लागतो, म्हणून लगेच डॉक्टरांना दाखव. पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध चुकूनही लावू नकोस. तशा पुष्कळ औषधांत असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं.

डोळे अजून निळसर आहेत, म्हणजे वय दोन महिन्यांच्या आतलंच. जंताचं औषध आणि पहिली लस कधी द्यायची ते डॉक्टर वजन बघून सांगतील. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. डीएनए चाचणीचे पैसे यासाठीच ठेव. ती चाचणी नोंदणी असलेल्या जातींशी ताडून बघते, आपल्या रस्त्यावरच्या मांजरांबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. लसीच्या कार्डावर जातीच्या रकान्यात ‘देशी’ लिहायला सांग, रंग ‘काळा’.

बारीक दातांची फणी आणि जुना टॉवेल बाबांबरोबर पाठवतेय. फुंकर मारून बघितलंस की मुळाशी कोणता रंग दिसला तेवढं लगेच कळव.

तुझी,
आई