वैदेहीसाठी एक संख्या

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. सुट्टीत वैदेहीला गणितातलं काय वाचायला द्यावं, असं तू विचारलं होतंस. पुस्तकांची यादी मागाहून देईन. आधी ही एकच संख्या घे: ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२वा घात, अधिक १.

२ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ येतात. पाचही मूळ संख्या. यावरून १६४० साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं, घातांक असाच दुप्पट करत गेलं तर मूळ संख्याच मिळत राहणार. १७३२ साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने लगेच पुढचीच संख्या फोडून दाखवली: ६४१ × ६७,००,४१७.

मला फर्माबद्दल फार हळहळ वाटते रे. या संख्येच्या मूळ विभाजकाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. म्हणजे तपासायच्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच काम फत्ते! आणि अशाच चाळणीने फर्माने स्वतः २ च्या ३७व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता.

आपण विद्यापीठात शिकत होतो तेव्हा हे सगळं फळ्यावर दोन ओळींत उरकलं गेलं. खरी गंमत राहूनच गेली. परवा कमाटीबागेत बसून मी ती सावकाश मांडली. भागाकार करायचाच नाही, ६४१ कडे दोन बाजूंनी बघायचं.

एक: ६४१ = ५ × १२८ + १. म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागलं की बाकी वजा १, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. चौथा घात केला की बाकी १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात.

दोन: ६४१ = ६२५ + १६. म्हणून बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी वजा १६ लिहिता येतात. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तो २८व्याला भेटला की ३२वा झाला! वजा (२ चा ३२वा घात), बाकी १. म्हणजे त्या घातात १ मिळवला की ६४१ ने निःशेष भाग जाणारच.

मोबाइलवर भागून बघितलं तर भाग जातो एवढंच कळतं. का जातो, ते या दोन ओळींत आहे, आणि नववीच्या मुलीला ते नक्की झेपेल. ६५,५३७ च्या पुढे या जातीची मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, हेही तिला सांग.

पण आधी तिला १९३ पासून हाताने भागायला बस म्हणावं. ६४१ चं नाव काढू नकोस. काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत