फोटोतला तो चिमुकला कोळी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि फोटो मिळाले. जाळ्यात डोके खाली करून बसलेली ती मोठी मादी नेफिला पिलिपेस या जातीच्या कोळ्याची आहे. भारतापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत ही जात आढळते. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९३ साली तिचे पहिले वर्णन केले.

तिच्या पाठीवरचा जो तांबूस कोळी तुला पिल्लू वाटला, तो पूर्ण वाढ झालेला नर आहे. मादीचे पाय सोडून नुसते शरीर तीन ते पाच सेंटिमीटर लांब भरते, तर नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, त्यामुळे ही जोडी एकाच जातीची आहे हे कोणालाही सांगूनच पटवावे लागते. तो तिथे उगाच चढलेला नाही. मिलनाच्या वेळी नर मादीच्या पाठीवर रेशमाचे बारीक धागे घासून बसवतो आणि त्याने ती शांत राहते, असे अभ्यासकांना आढळले आहे.

आता रंगाविषयी. काळपट उदरावर लांबीच्या दिशेने गेलेले पिवळे पट्टे, शिरोवक्षावर, म्हणजे डोके आणि छाती मिळून झालेल्या शरीराच्या पुढच्या भागावर, रुपेरी-सोनेरी लव आणि लांब काळ्या पायांच्या सांध्यांशी पिवळे डाग, असा हिचा थाट. एवढा भडक रंग शत्रूला धाक घालण्यासाठीच असणार, हा तुझा तर्क स्वाभाविक असला तरी अभ्यास वेगळेच सुचवतो. या जातीत काही माद्या जवळजवळ पूर्ण काळ्या असतात. तैवानमध्ये दोन्ही प्रकारच्या माद्यांची शिकार मोजली, तेव्हा पिवळ्या पट्ट्यांच्या माद्यांना अधिक कीटक मिळाल्याचे दिसले. म्हणजे तो पिवळा रंग बहुधा आमिषाचे काम करतो. मला तर ही चलाखी विषापेक्षाही सरस वाटते.

उन्हात जाळे सोनेरी दिसते, ती कॅमेऱ्याची करामत नव्हे. धाग्यालाच पिवळी झाक असते. जाळ्याचे केंद्र मध्यावर नसून बरेच वर असते आणि खालचा भाग मोठा असतो, कारण वर चढण्यापेक्षा खाली धावून भक्ष्य गाठणे तिला सोपे जाते. त्याच जाळ्यात दिसणारे चकचकीत, टाचणीच्या डोक्याएवढे कोळी मात्र नर नसावेत. ते आर्जिरोडीस या वेगळ्याच वंशातले कोळी असण्याची शक्यता अधिक, आणि तिच्या शिकारीतले उष्टे-खरकटे चोरण्यात ते पटाईत असतात.

पुढच्या खेपेस मादीचा पोटाच्या बाजूनेही फोटो काढ. खालचे पिवळे ठिपके पाठीवरून दिसत नाहीत, आणि ते मला पाहायचे आहेत.

तुझा मित्र