अंजिराच्या काड्या तिरप्या कापणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गच्चीवरच्या ड्रममधला अंजीर यंदा फेब्रुवारीपासून पिकतोय आणि फळ गोड आहे. ठाण्यात पावसाळ्यात भिंतींनाही बुरशी येते. अशा हवेत 'पुणे' जातीचा अंजीर असा पिकतो, याचं श्रेय तुमच्या कात्रीला आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

तुमच्याआधी सल्ले देणारे कमी नव्हते. रोप विकणाऱ्याने दर खेपेला "खत कमी पडतंय" म्हणत युरिया गळ्यात मारला. नत्र जास्त झालं की अंजीर पानांवर पानं काढतो, फळ धरत नाही आणि धरलेलंही गळतं. रोपं विकून पोट भरणाऱ्याला एवढं ठाऊक नसावं? दुसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की अंजिराला परागीभवनासाठी खास माशी लागते, ती इकडे नाही, झाड उपटून टाका. तशी बारीक गांधीलमाशी लागते ती स्मर्ना गटातल्या अंजिरांना. पुणे अंजीर परागीभवनाशिवायच फळतो. ज्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या दिवे-सोनोरीच्या बागाही त्या माशीवाचूनच पिकतात. तुम्ही तर त्याच मातीतले. पैसे घेऊन झाड उपटायला सांगणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही, हे इथे लिहून टाकतो.

तुम्ही खताचं नावसुद्धा काढलं नाही. एक पान उलटं केलंत आणि खालची तांबूस भुकटी बोटावर घेऊन दाखवलीत. तांबेरा, पानांवरचा बुरशीचा रोग. मग ड्रमखाली हात घातलात. भोकं बुजलेली, खाली साठलेल्या पाण्याला वास. ड्रम विटांवर चढला, बशी गेली. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण तुम्ही स्वतः कालवलंत. मुळं ड्रमच्या कडेने गोल गोल फिरून घट्ट झाली होती, ती बाहेरून दोन बोटं तासलीत. कुंडीतल्या अंजिराला हे दर दोन-तीन वर्षांनी करावंच लागतं, नाहीतर कितीही पाणी घाला, ते कडेने वाहून जातं आणि झाड तहानलेलंच राहतं.

खरी समज बहाराची, म्हणजे फळ कोणत्या हंगामात धरायचं याची दिलीत. इकडे पावसाळ्यात धरलेलं फळ आंबट, पाणचट होतं, फुटतं आणि झाडावरच आंबतं. म्हणून जून-जुलैतली फळं वाटाण्याएवढी असतानाच खुडायची. पाऊस सरला की ऑक्टोबरात पाणी तोडायचं, उरलेली पानं काढायची आणि गेल्या हंगामाच्या फांद्या तीन-चार डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राखून छाटायच्या. अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत धरतो. छाटलीच नाही तर फांदी नुसती लांबते आणि शेंड्याला चार फळं लटकतात. छाटणीनंतर उघड्या काड्यांवर एक टक्का बोर्डो, म्हणजे बुरशी रोखणारं मिश्रण. लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मगच एकत्र करायचं. लोखंडी सुरी त्यात बुडवून पातं तांबूस झालं, तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी फवारून संपवायचं, शिळं ठेवायचं नाही. गळलेली पानं झाडाखाली राहू द्यायची नाहीत, रोग तिथूनच परततो.

पण आमच्या मनात घर केलंय ते वेगळंच. छाटणी झाली, आम्ही फांद्या झाडूने गोळा करायला लागलो आणि तुम्ही हात आडवा धरलात. खाली बसून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या, चार-पाच डोळ्यांच्या काड्या निवडल्यात. प्रत्येक काडीचा वरचा काप सरळ आणि खालचा, डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. कारण विचारल्यावर मान वर न करता म्हणालात, "लावणारा नवखा असला की उलटी लावतो हो." ती काडी कोण लावणार हे तुम्हाला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. चीक सुकेपर्यंत काड्या सावलीत ठेवल्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळल्यात आणि जिन्याशी ठेवून गेलात. मजुरी छाटणीचीच घेतलीत. कधी भेटणारही नाही अशा माणसाची अडचण आधीच ओळखून ती काडीवर कापून ठेवायची, याला आम्ही सज्जनपणा म्हणतो. तो शिकवून येतो की कसा, कुणास ठाऊक. शहरात तो भेटतो तेव्हा असाच काम करता करता, न बोलता भेटतो.

त्या काड्या सोसायटीत वाटल्या गेल्या. दोन-तृतीयांश मातीत, एक डोळा तरी वर, ऊन कोवळं आणि पाणी बेताचं. ज्यांच्या गेल्या त्यांच्या जास्त पाण्याने कुजल्या. काहींनी पानं फुटताच उपटून मोठ्या कुंडीत हलवल्या आणि त्या माना टाकून बसल्या. काडी आधी स्वतःत साठवलेल्या अन्नावर पानं काढते, मुळं मागून येतात. दीड-दोन महिने हात लावायचा नाही, हे तुमचं वाक्य आता प्रत्येक मजल्यावर पाठ आहे.

फळ फुगायला लागल्यापासून पाण्याची वेळ चुकवत नाही. दोन दिवस कोरडं आणि मग एकदम बादलीभर, असं झालं की साल तडकते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालूनच पाणी देतो. बुलबुल आणि वटवाघळांसाठी जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधल्यात. फळाने मान टाकली, बोटाला मऊ लागलं आणि देठातून चीक आला नाही, तरच तोडतो. तोडल्यावर अंजीर पिकत नाही, हे पेठेतून कच्ची फळं आणून डब्यात दडपणाऱ्यांनाही सांगून झालं.

ऑक्टोबरात छाटणीला याच. या वेळी काड्यांचीही मजुरी घ्यावी लागेल, त्यावर वाद घालायचा नाही. गोणपाट आम्ही भिजवून ठेवू.

तुमचे,
गच्चीवरचे सगळे