गप्प बसणाऱ्या सेन्सरबद्दल, दादाला

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. पाणीगळतीचे सेन्सर आले, होम असिस्टंटला, म्हणजे हबवर (घरातल्या त्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालणाऱ्या प्रोग्रामला, जोडून झाले, स्क्रीनवर सगळे 'कोरडं' दाखवतायत. आता ओलं झालं की ई-मेल यावा एवढंच राहिलंय, असं लिहिलंयस. फोनवर सांगायला गेले तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहूनच पाठवते. आई-बाबांना घेऊन तुम्ही दोघं माझ्याकडे याल तेव्हा घर कित्येक आठवडे बंद असणार आहे. त्या दिवसांत या सेन्सरवरच आपली सगळी भिस्त असेल.

आधी मेल पाठवणारं खातं. तुझं रोजचं जीमेल खातं यासाठी वापरू नकोस, हबसाठी एक वेगळं उघड. हबवर जो पासवर्ड साठवून ठेवायचा, त्यानं तुझा सगळा पत्रव्यवहार उघडता कामा नये. नव्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर आणि मग 'अॅप पासवर्ड', म्हणजे फक्त एखाद्या प्रोग्रामला द्यायचा वेगळा पासवर्ड, तयार कर. तो 16 अक्षरांचा असतो आणि एकदाच दिसतो, लगेच उतरवून घे. साधा पासवर्ड घालून बघत बसू नकोस. गूगलनं 2022च्या मे अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी तो रस्ता बंद केला. सर्व्हरच्या जागी एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 587, एन्क्रिप्शन स्टार्टटीएलएस. पोर्ट 25 वापरायला सांगणारी जुनी माहिती कुठे सापडली तर ती सोडून दे. स्पॅमला आळा घालण्यासाठी कितीतरी इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवरून ते पोर्ट बंदच ठेवतात.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेव. त्या खात्याचा मुख्य पासवर्ड बदललास, की गूगल जुने अॅप पासवर्ड रद्द करतं. हबला याची काही कल्पना नसते. स्क्रीनवर सेन्सर नेहमीसारखेच दिसत राहतात, ऑटोमेशन, म्हणजे 'असं झालं की तसं कर' हा नियम, चालू दिसतं आणि पाणी सांडेल त्या दिवशी मेल जातच नाही. चूक हबच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, नोंदली जाते, पण लॉग उघडून बघायला घरात असणार कोण?

मला तुला खरं सांगायचंय ते हेच. ओलं झाल्यावर मेल पाठवणं अर्ध्या तासाचं काम आहे. मेल आला नाही, तर तो घर कोरडं आहे म्हणून आला नाही की मधेच कुठली कडी तुटली म्हणून आला नाही, हे लांब बसलेल्या माणसाला कळायला हवं. ते जमलं नाही तर सेन्सर बसवून आपण फक्त निर्धास्त होऊ, घर सुरक्षित होणार नाही.

कड्या किती आहेत ते बघ. सेन्सरच्या पोटाला दोन-तीन धातूची टोकं असतात. त्यांच्यामध्ये पाणी आलं की त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे बारीकसा प्रवाह वाहतो आणि सेन्सर हबला कळवतो. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून वॉटर प्युरिफायरखाली ठेवायच्या सेन्सरची चाचणी प्युरिफायरमधल्याच पाण्यानं घे, नळाच्या नाही. बाकीचे नळाच्या पाण्यानं तपास. सेन्सर पालथा पडलेला नको. फरशीचा उतार कुठे आहे ते थोडं पाणी ओतून बघ आणि जिथे पाणी आधी पोचतं तिथे ठेव. वॉशिंग मशीनखाली, बेसिनखाली, फ्लशच्या टाकीमागे, गिझरखाली या जागा तू निवडल्यास त्या बरोबर आहेत.

मग बॅटरी. सेन्सरमधल्या सीआर2032 या चपट्या सेलचा दाब आयुष्यभर जवळजवळ 3 व्होल्टवर टिकून राहतो आणि शेवटी शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे स्क्रीनवरच्या टक्क्यांवर मी तरी विसंबत नाही. बराच काळ आकडा चांगला दिसतो आणि मग सेन्सर अचानक गप्प होतो. तो गप्प झाला तरी होम असिस्टंट शेवटी ऐकलेलीच गोष्ट दाखवत राहतं, म्हणजे 'कोरडं'! हे सेन्सर झिगबी या बिनतारी पद्धतीनं हबशी बोलतात. ते होम असिस्टंटला जोडायला तू झेडएचए वापरत असलास तर बॅटरीवरचा सेन्सर 6 तास काहीच बोलला नाही की त्याला 'अनुपलब्ध' धरलं जातं. त्याऐवजी झिगबीटूएमक्यूटीटी हा प्रोग्राम असेल तर उपलब्धतेची तपासणी चालू केली आहेस ना ते बघ. तिथे अशा सेन्सरसाठी ठरलेली मुदत 25 तासांची असते. मेलेला सेन्सर एक दिवसभर कोरडं-कोरडं म्हणत राहू शकतो, असा याचा अर्थ. घर बंद असताना ही मुदत मला फार वाटते, ती कमी कर. फार खाली मात्र आणू नकोस. हे सेन्सर झोपलेले असतात, ठरावीक वेळानं जागे होऊन हजेरी देतात. दोन हजेऱ्यांमधल्या वेळेपेक्षा मुदत कमी ठेवलीस तर खोट्या तक्रारी येत राहतील आणि आपण त्या वाचणं सोडून देऊ.

रेडिओचंही थोडं. झिगबी आणि वायफाय दोघंही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. झिगबीचा डोंगल, म्हणजे सेन्सरचं ऐकणारा छोटा यूएसबी रेडिओ, हबच्या यूएसबी 3 पोर्टमध्ये थेट खोचला असशील तर तो एक्स्टेन्शन वायरनं लांब ने. त्या पोर्टमुळे याच पट्ट्यात गोंगाट होतो. बॅटरीवरचे सेन्सर एकमेकांचे निरोप पुढे नेत नाहीत, तेवढ्यासाठी बाथरूमच्या बाजूला विजेवर चालणारा एखादा झिगबी प्लग लाव.

आता ऑटोमेशन. 'ऑफवरून (कोरडा) ऑनवर (ओला) गेला की मेल पाठव' असं लिहिलं असशील तर त्यातलं 'ऑफवरून' काढून टाक. सेन्सर मधे अनुपलब्ध झाला आणि परतला तो ओला म्हणूनच परतला, तर त्या अटीत तो बसत नाही आणि मेल जात नाही. 'ऑन झाला की' एवढंच पुरे. शिवाय हब रीस्टार्ट झाल्यावर कुठला सेन्सर ओला आहे का ते एकदा तपासून मेल पाठवायचा, हे वेगळं घाल. वीज जाऊन आली आणि त्या मधल्या वेळात पाणी सांडलं, तर हाच एक उपाय.

एकच मेल पाठवून थांबायचं नाही. ई-मेलची रचनाच टप्प्याटप्प्यानं पुढे जायची आहे. पुढचा सर्व्हर मेल घेत नसेल तर आधीचा सर्व्हर तो धरून ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. त्याच्या नियमांत प्रयत्न सोडण्याआधी निदान 4-5 दिवस थांबावं असं सुचवलेलं आहे. पत्रासाठी ते उत्तम, पाण्यासाठी नाही. आणि मेल आपल्या हबमधून निघण्याच्या क्षणीच इंटरनेट बंद असेल तर तो रांगेतसुद्धा उभा राहत नाही, हरवतोच. होम असिस्टंटमध्ये 'अलर्ट' नावाची सोय आहे. सेन्सर ओला असेपर्यंत, किंवा कुणीतरी 'पाहिलं' असं नोंदवेपर्यंत ती निरोप परत परत पाठवते. पहिल्यांदा लगेच, मग 5, 15, 30 मिनिटांनी आणि पुढे तासातासानं, असं ठेव. कोरडं झाल्याचाही मेल यायला हवा. नाहीतर मी इकडे उगाच घाबरलेली राहीन.

मेलचा मजकूर मी ठरवलाय, बदलायचा असेल तर सांग. विषयात आधी जागा, मग बाकीचं: 'वॉशिंग मशीनखाली पाणी'. बाबा चष्मा शोधत बसतात, त्यांना पहिल्या दोन शब्दांतच कळलं पाहिजे. आत ओलं झाल्याची वेळ, मेन कॉक कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवायचा, किल्ली कुणाकडे आहे. किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्यांनाही हा मेल जायला हवा, आणि त्यांनी आपलं घर कधी आतून पाहिलेलं नाही हे धरूनच लिही. मी मेल वाचेन, पण माझ्या हातात काय असणार? फोन करणं. कॉक बंद करणारा हात तिथलाच लागतो. शिवाय तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे मी झोपलेली असू शकते, म्हणून यादीत माझं नाव पहिलं नको.

ज्यांना मेल जाणार त्या प्रत्येकाच्या जीमेलमध्ये त्या पत्त्यासाठी फिल्टर लाव: स्पॅममध्ये कधीच टाकायचा नाही, वेगळं लेबल द्यायचं. मग फोनवर त्या लेबलला प्रत्येक मेलसाठी मोठा आवाज लाव. बाबांचा फोन तूच हातात घेऊन कर.

आईसाठी मात्र ई-मेल नको. ती घरात असते आणि मेल बघत नाही, तिला सायरन ऐकू यायला हवा. झिगबीचाच सायरन घे, इंटरनेट नसलं तरी तो वाजेल. लादी पुसताना तो वाजून ती वैतागेल आणि एक दिवस सगळं बंद करून टाकेल, याची मला खात्री आहे. म्हणून वहिनीला सांगून स्वयंपाकघरात एक बटण लाव, दाबलं की अर्धा तास शांत. अर्ध्या तासानं ते आपोआप पुन्हा चालू व्हायलाच हवं, माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही.

राउटर आणि हब दोन्ही यूपीएसवर घे. फक्त हब घेतलास तर वीज गेल्यावर हब जागा राहील आणि मेल जाणार नाही.

आणि रोजचा मेल. दररोज सकाळी ठरलेल्या वेळी हबनं सगळ्यांना एक मेल पाठवायचा. त्यात प्रत्येक सेन्सरचं नाव, तो शेवटचा कधी बोलला आणि बॅटरी. पाठवायचा त्याच खात्यातून, त्याच पासवर्डनं आणि त्याच वाटेनं, म्हणजे पासवर्ड रद्द झाला, वीज गेली, हब अडकला, इंटरनेट तुटलं, यांतलं काहीही झालं तरी तो मेल येणार नाही आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी कळेल. न आलेला मेल लक्षात येणं माणसाला अवघड जातं हे मला मान्य आहे. म्हणून मी इकडे माझ्या फोनवर रोजचा गजर लावतेय, मेल आलाय का ते बघायला. घर बंद असेल तेवढे दिवस हे काम माझं. तुम्ही इथे असाल तेव्हा बाबा आणि मी मिळून बघू, त्यांना ते आवडेल.

मेन कॉकवर बसवायची मोटर तू विचारली होतीस. घे, पण हे सगळं नीट चालायला लागल्यावर. कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर मोटरला तो हलणार नाही. आधी हातानं फिरवून बघ, जड असेल तर प्लंबरकडून बदलून घे.

येत्या रविवारी वेळ काढशील? एकेक सेन्सर ओल्या फडक्यावर ठेव आणि मला फोनवर घे. मेल माझ्याकडे यायला किती वेळ लागतो ते आपण जागेनुसार लिहून काढू. नंतर राउटर बंद करून तीच चाचणी पुन्हा घेऊ आणि पाण्याचा सेन्सर ओला असतानाच राउटर परत चालू करू. पुन्हा पाठवण्याची सोय खरंच चालते का, ते तेव्हाच दिसेल. फडकं पिळून घे, पण फार कोरडं नको.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला आठवण सांग. तिच्या फोनवर फिल्टर लावायला विसरू नकोस.

तुझी,
धाकटी